बोगद्याची दोन तोंडे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



पासबुक घेऊन आपण पतसंस्थेच्या शाखेत जातो. खिडकीपलीकडचा कर्मचारी संगणकाच्या दोन-तीन कळा दाबतो आणि म्हणतो, "आज लिंक नाही, दुपारनंतर या." आपण चरफडत परततो. पण ही लिंक म्हणजे नेमके काय, ती कुठून कुठे जाते आणि 'नाही' म्हणजे ती कुठे गेली, हे आपण सहसा विचारीत नाही. विजेची तार तुटली तर ती दिसते. नळाला पाणी नसले तर टाकीकडे बोट दाखवता येते. लिंक मात्र दिसत नाही, त्यामुळे तिच्याविषयी भांडताही येत नाही.

आज या न दिसणाऱ्या वस्तूविषयी थोडे बोलायचे आहे. संगणकतज्ज्ञ तिला 'टनेल', म्हणजे बोगदा म्हणतात. एका गावातल्या कार्यालयाच्या दाराशी एक राउटर किंवा फायरवॉल असते, दुसऱ्या गावातल्या कार्यालयाच्या दाराशी दुसरी असते आणि या दोन यंत्रांच्या दरम्यान हा बोगदा बांधलेला असतो. आपल्या ठेवीची नोंद, प्रयोगशाळेतून रुग्णालयाकडे जाणारा रक्ततपासणीचा अहवाल, साखर कारखान्याच्या गोदामातला साठा, अशी सगळी माहिती रोज अशा बोगद्यांतून ये-जा करीत असते. ती वाटेत कोणी वाचली किंवा बदलली, तर नुकसान यंत्राचे होत नाही, आपले होते. म्हणून हा विषय केवळ अभियंत्यांचा नाही.

भाड्याच्या तारेपासून सुरुवात

पूर्वी दोन कार्यालये जोडायची तर दूरसंचार खात्याकडून खास तार भाड्याने घ्यावी लागे. तिला 'लीज्ड लाइन' म्हणत. ही तार तुमचीच, तिच्यावर दुसऱ्या कोणाचे बोलणे नाही. पण अंतर वाढले की भाडे वाढे. आडगावच्या शाखेपर्यंत तार पोचत नसेल तर गच्चीवर उपग्रहाची छत्री बसवावी लागे. मोठ्या बँकांना हे परवडे. सात शाखांच्या पतसंस्थेला किंवा दोन गोदामांच्या व्यापाऱ्याला ते परवडणारे नव्हते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. पुढे गावोगाव ब्रॉडबँड आले. आता प्रत्येक कार्यालयाच्या दारापाशी एक स्वस्त, सार्वजनिक रस्ता होता आणि तो जगातल्या प्रत्येक दाराशी जात होता. सोय हीच होती आणि धोकाही हाच. इंटरनेटवर माहिती लहान लहान तुकड्यांत जाते. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. मूळ रचनेत हे पॅकेट पोस्टकार्डासारखे असते. ज्याच्या ज्याच्या हातून ते जाईल, त्याने मनात आणले तर तो ते वाचू शकतो. आणि पुण्याहून साताऱ्याला जाणारे पॅकेट वाटेत किती राउटरांतून, कोणाकोणाच्या ताब्यातून जाईल, हे पाठवणाऱ्याच्या हाती नसते.

मग सार्वजनिक रस्त्यावरून खासगी टपाल कसे न्यायचे? त्याचे उत्तर म्हणजे हा बोगदा.

पाकिटात पाकीट

बोगदा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर खंडाळ्याचा घाट येतो. डोंगर पोखरून केलेली, बाकीच्या जगापासून वेगळी वाट. संगणकातला बोगदा तसा नसतो. तिथे कोणी काही खणत नाही, वेगळी तारही टाकत नाही. त्याला अधिक जवळची उपमा आपल्या टपालखात्याच्या थैलीची आहे. सगळी पत्रे एका थैलीत भरायची, तोंड बांधायचे, लाखेची मोहर लावायची आणि थैली एसटीत टाकायची. गाडी तीच, रस्ता तोच, शेजारी भाजीच्या पाट्या आणि प्रवासी. पण थैलीत कोणाची कोणाला पत्रे आहेत, हे चालकालाही कळत नाही. थैलीवर फक्त दोन नावे असतात, कोणत्या कार्यालयातून निघाली आणि कोणत्या कार्यालयात पोचायची.

राउटर हेच करतो. साताऱ्याच्या शाखेतल्या संगणकाने पुण्याच्या सर्व्हरसाठी पाठवलेले पॅकेट तो उचलतो, ते संपूर्ण, आतल्या पत्त्यासकट, सांकेतिक रूपात बदलतो, एका नव्या पॅकेटात घालतो आणि बाहेर फक्त दोन पत्ते लिहितो, साताऱ्याच्या राउटरचा आणि पुण्याच्या राउटरचा. पुण्याचा राउटर वरचे पाकीट फोडतो, आतले पत्र मूळ रूपात आणतो आणि सर्व्हरकडे सोडतो. शाखेतल्या कर्मचाऱ्याला वाटते, पुण्याचा सर्व्हर शेजारच्याच खोलीत आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बोगदा म्हणजे आपोआप गुप्तता नव्हे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली 'जीआरई' नावाची पद्धत फक्त पाकिटात पाकीट घालते, मोहर लावीत नाही. तिचे उपयोग आहेत, पण तिच्यातून गेलेले पत्र वाटेत कोणीही वाचू शकतो. मोहर लावण्याची जी पद्धत आज सर्वाधिक चालते, तिचे नाव 'आयपीसेक'. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या 'इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स' या संस्थेने तिची पहिली कागदपत्रे १९९५ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९९८ व २००५ मध्ये त्यांत मोठ्या सुधारणा केल्या.

रुमालाखालचा भाव

सांकेतिक लिपी आली की किल्ली आली. आणि किल्ली आली की जुना पेच आला. ती दुसऱ्या टोकाला पोचवायची कशी? ज्या रस्त्यावर आपला विश्वास नाही, त्याच रस्त्याने किल्ली पाठवली तर कुलपाचा उपयोग काय?

जनावरांच्या बाजारात ज्यांनी व्यवहार पाहिला असेल त्यांना आठवेल. दोघे दलाल भर गर्दीत समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतात. सौदा चालला आहे हे सगळ्या बाजाराला दिसते. भाव काय ठरला ते दोघांनाच कळते. संगणकाच्या जगात असा रुमाल १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडला. ब्रिटनच्या सरकारी गुप्तलेखन विभागातल्या गणितज्ञांना ही युक्ती त्याआधीच सुचली होती, पण ते १९९७ पर्यंत जाहीर झाले नाही. डिफी आणि हेलमन यांना या कामासाठी २०१५ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

युक्ती इतकी सुंदर आहे की ती रेडिओवरही सांगता येते. कागद-पेन्सिल घ्या. पुणे आणि सातारा यांनी सर्वांसमक्ष दोन आकडे ठरवले, ५ आणि १९. आता पुण्याने मनात एक गुप्त आकडा धरला, २. पाचचा वर्ग पंचवीस, त्याला एकोणीसने भागले, बाकी उरली ६. पुण्याने ही ६ ची बाकी उघडपणे साताऱ्याला कळवली. साताऱ्याने मनात ३ धरला. पाचचा घन एकशे पंचवीस, एकोणीसने भागून बाकी ११. साताऱ्याने ११ हा आकडा उघडपणे पुण्याला कळवला. आता पुण्याने मिळालेल्या ११ चा वर्ग केला, १२१, त्याला १९ ने भागले, बाकी ७. साताऱ्याने मिळालेल्या ६ चा घन केला, २१६, त्याला १९ ने भागले, बाकी पुन्हा ७. दोघांकडे एकच आकडा आला आणि तो रस्त्यावरून कधी गेलाच नाही! ऐकणाऱ्याला ५, १९, ६ आणि ११ एवढेच ऐकू आले.

तुम्ही म्हणाल, एवढ्या छोट्या आकड्यांत मनातले २ आणि ३ कोणीही हुडकून काढेल. खरे आहे. म्हणून प्रत्यक्षात १९ च्या जागी सहाशेहून अधिक अंकी संख्या वापरतात. तेवढ्या संख्येत उलटे जाऊन गुप्त आकडा काढणे आजच्या कोणत्याही संगणकाला व्यवहारात शक्य नाही. दोन राउटर बोगदा उभारताना पहिल्या काही क्षणांत हीच बोटांची भाषा बोलतात, आणि ठरावीक वेळाने, कधी तासाने तर कधी दिवसाने, ती पुन्हा बोलून किल्ली बदलतात. त्यामुळे एखादी किल्ली कोणाच्या हाती लागली तरी तिने फक्त तेवढ्याच काळातले टपाल उघडते, सगळे दप्तर नव्हे.

किल्ली ठरली, पण कुलूपही दणकट हवे. १९७७ पासून चालत आलेल्या 'डीईएस' या अमेरिकी पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने खास यंत्र बांधून ती ५६ तासांत शोधून दाखवली. त्यानंतर जगभर खुली स्पर्धा घेऊन दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत निवडली गेली आणि २००१ मध्ये तिला 'एईएस' या नावाने मान्यता मिळाली. आज सुस्थितीतल्या जवळपास प्रत्येक बोगद्यात हेच कुलूप असते. पण जुनी यंत्रे जुनी कुलपे सांभाळून असतात. नव्वदच्या दशकातली 'पीपीटीपी' ही पद्धत तज्ज्ञांनी १९९८ पासून सदोष ठरवली आणि २०१२ मध्ये तर ती खात्रीने फोडता येते हे सिद्ध झाले. तरीही जुन्या राउटरांत ती आढळते, कारण 'चालू आहे ना, मग कशाला हात लावायचा!'

मोर्तब कोणाची?

रुमालाखाली भाव ठरला, पण समोरचा हात कोणाचा आहे? मधेच तिसराच माणूस उभा राहिला, त्याने पुण्याशी साताऱ्याच्या नावाने आणि साताऱ्याशी पुण्याच्या नावाने सौदा केला तर? म्हणून ओळख पटवावी लागते.

मराठेशाहीतली जुनी पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे की, पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि अखेरीस मर्यादेची छोटी मुद्रा, म्हणजे मोर्तब. माथ्यावरचा शिक्का सांगे पत्र कोणाचे, आणि अखेरची मोर्तब सांगे मजकूर इथे संपला, यापुढे कोणी ओळ वाढवली तर ती आमची नव्हे. आयपीसेकमध्ये ही दोन्ही कामे होतात. प्रत्येक पॅकेटाबरोबर गणिताने काढलेली एक खूण जाते. आतला एक अक्षर जरी बदलला तरी खूण जुळत नाही आणि पॅकेट टाकून दिले जाते. आणि माथ्यावरच्या शिक्क्याच्या जागी असतो दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असलेला सामायिक संकेतशब्द, किंवा त्याहून भक्कम असे डिजिटल प्रमाणपत्र.

आमच्या व्यवसायातली खरी कमजोर कडी इथे आहे. सहाशे अंकी संख्या आणि एईएसचे कुलूप यांच्या जोडीला माणसाने ठरवलेला संकेतशब्द कसा असतो? एका संस्थेत मी पाहिलेला संकेतशब्द म्हणजे संस्थेचे नाव आणि पुढे स्थापनेचे साल. या दोन्ही गोष्टी दाराबाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या होत्या! हा शब्द माणसाला लक्षात ठेवायचा नसतो, दोन यंत्रांना ठेवायचा असतो. मग तो लांबलचक, अर्थहीन असायला काय हरकत आहे?

दिवा हिरवा, काम बंद

आता 'लिंक नाही' याकडे वळू. बोगदा उभारणे म्हणजे दोन टोकांना एकच करार वाचून दाखवणे. कुलूप कोणते, खूण कोणती, आकडा किती मोठा, किल्ली किती वेळाने बदलायची, कोणत्या खोलीतले टपाल कोणत्या खोलीत जाणार, ही सगळी कलमे दोन्हीकडे जुळावी लागतात. एका बाजूला एक कलम वेगळे असले की यंत्र 'करार अमान्य' म्हणून गप्प बसते. दोन टोकांना वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे असतील तर एकाच कलमाची नावेही वेगळी असतात. फोनवर दोन गावांतले दोन तंत्रज्ञ एकमेकांना पडद्यावरची ओळन् ओळ वाचून दाखवताहेत, हे आमच्या धंद्यातले नेहमीचे दृश्य.

काही अडचणी मात्र अशा की त्यांत करार जुळतो, दिवा हिरवा लागतो आणि तरी काम चालत नाही. पहिली अडचण पत्त्यांची. कार्यालयाच्या आतल्या संगणकांना जे पत्ते देतात ते सार्वजनिक नसतात. १९९६ मध्ये ठरलेल्या नियमानुसार काही आकडे अशा खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आपल्या घरच्या राउटरवरही दिसतो. हे पत्ते म्हणजे आपल्याकडचे माजघर आणि परसदार. प्रत्येक वाड्यात माजघर असते, आणि वाड्यातल्या माणसाला 'माजघरात दे' एवढे सांगणे पुरते. आता दोन वाडे जोडले आणि दोन्हीकडे 'माजघर' हेच नाव असले, तर निरोप घेऊन निघालेला माणूस आपल्याच माजघरात जाऊन बसेल. बाजारातले बरेच राउटर कारखान्यातून एकच ठरावीक पत्ता घेऊन येतात, म्हणून दोन शाखांत तोच पत्ता निघतो. उपाय एकच, पहिल्या दिवशी कागदावर सगळ्या शाखांची यादी करून प्रत्येकीला वेगळी पत्त्यांची मालिका द्यायची. हे काम अर्ध्या तासाचे आहे. ते न केल्यास पुढे प्रत्येक संगणकाचा पत्ता बदलत बसावे लागते.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेची शाखा बोगद्याने मुख्य कार्यालयाला जोडली होती. चाचणीचा निरोप जात होता, येत होता. तरी काम अडत होते. तंत्रज्ञ लाइनला दोष देत होते, लाइनवाले यंत्राला. शेवटी काउंटरवर बसणाऱ्या बाईंनी सांगितले, "साहेब, नवीन खाते लगेच उघडते. जुने, पानेच्या पाने नोंदी असलेले खाते उघडत नाही." त्या एका वाक्यात रोगाचे निदान होते. कार्यालयातल्या जाळ्यावर एका पॅकेटची कमाल लांबी साधारण १५०० बाइट असते. बोगद्यात पाकिटावर पाकीट चढले की ती आणखी पन्नास-साठ बाइटांनी, कधी त्याहूनही जास्त, वाढते. पत्रपेटीच्या फटीपेक्षा पाकीट मोठे झाले की ते आत जात नाही. लहान पत्रे जातात, भरलेली अडकतात. 'पाकीट मोठे आहे' असे सांगणारा उलटा निरोप वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने अडवला, तर पाठवणाऱ्याला काही कळतही नाही. उपाय सोपा आहे, राउटरला सांगायचे की आतले पत्र आधीच थोडे आखूड घे. त्या बाईंना यातले काही ठाऊक नव्हते, पण काय चालते आणि काय चालत नाही हे त्यांनी नेमके टिपले होते. यंत्राच्या दुरुस्तीत असे टिपलेले निरीक्षण लाखमोलाचे असते.

तिसरी अडचण घड्याळाची. स्वस्त राउटरांत पुष्कळदा घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली आणि आली की ते कुठल्यातरी जुन्या तारखेला जागे होते. प्रमाणपत्रावर आजची मुदत असते आणि यंत्राला वाटते, हे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही! मग ते दार उघडत नाही. जागे झाल्याबरोबर इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय करून ठेवली की हा घोळ टळतो.

अलीकडे ही गुंतागुंत कमी करण्याचे प्रयत्न झाले आहेत. जेसन डोनेनफेल्ड या प्रोग्रॅमरने लिहिलेली 'वायरगार्ड' ही पद्धत मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. तिचा गाभा जेमतेम चार हजार ओळींचा आहे. तिच्यात निवडायला दहा कुलपे नाहीत, एकच ठरलेले चांगले कुलूप आहे. जिथे निवडच नाही तिथे चुकीची निवडही नाही, असा त्यामागचा विचार आहे.

तोंडाशी पहारा

इथपर्यंत ऐकून वाटेल की, बोगदा नीट बांधला की चिंता मिटली. तसे नाही. बोगदा फक्त वाटेचे रक्षण करतो. दोन तोंडांच्या आत काय आहे, याची त्याला फिकीर नसते. साताऱ्याच्या शाखेतल्या संगणकात विषाणू शिरला, तर बोगदा तो विषाणूही तितक्याच इमानाने, कुलूपबंद करून, पुण्याला पोचवतो.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले, ते आपल्याला आठवत असेल. चोरांनी वाटेतले टपाल फोडले नव्हते. त्यांनी एटीएमची विचारणा ज्या व्यवस्थेकडे जाते तिथेच आत शिरून खोटा 'होकार' देणारी यंत्रणा बसवली. 'या खात्यात पैसे आहेत का' हा प्रश्न बँकेच्या मूळ खातेवहीपर्यंत पोचलाच नाही. थैलीची मोहर शाबूत, पण टपालघरातच चोर बसला तर मोहर काय करणार?

कधी पहारेकरीच फितूर निघतो. १७ डिसेंबर २०१५ रोजी ज्युनिपर या अमेरिकी कंपनीने जाहीर केले की, तिच्या फायरवॉलच्या प्रणालीत अनधिकृत ओळी सापडल्या आहेत. त्या ओळींमुळे जाणकाराला फायरवॉलमध्ये शिरता येत होते, आणि बोगद्यातले टपालही वाचता येत होते. कंपनीने तातडीने दुरुस्ती दिली. पण ज्यांनी ती आपल्या यंत्रावर चढवली नाही, त्यांचे दार उघडेच राहिले. राउटर-फायरवॉल ही एकदा भिंतीवर ठोकून विसरायची वस्तू नाही, हा यातला धडा.

आणि कधी जुनी किल्ली कोणाच्या खिशात राहून जाते. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी कलोनियल पाइपलाइन काही दिवस बंद ठेवावी लागली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. खंडणीखोर आत शिरले ते दूरस्थ प्रवेशाच्या एका जुन्या खात्यातून. ते वापरात नव्हते, पण बंदही केलेले नव्हते, आणि त्याला एका पासवर्डापलीकडे दुसरी तपासणी नव्हती. आपल्याकडे भाडेकरू गेला की आपण कुलूप बदलतो. कर्मचारी सोडून गेला, ठेकेदार बदलला, शाखा बंद झाली की तिकडे जाणारा बोगदाही बुजवायला हवा. तसेच सातारच्या शाखेला पुण्यातला फक्त लेखा-सर्व्हर लागत असेल, तर तेवढीच वाट मोकळी ठेवावी. 'सगळ्यांना सगळीकडे जाऊ दे' हा नियम लिहायला एक ओळ लागते आणि निस्तरायला वर्षे.

आपण काय विचारावे?

शेवटी श्रोत्यांसाठी दोन गोष्टी. हल्ली मोबाइलवर 'व्हीपीएन घ्या, सुरक्षित राहा' अशा जाहिराती येतात. तंत्र तेच, पण व्यवहार वेगळा. कार्यालयांच्या बोगद्याची दोन्ही तोंडे एकाच मालकाची असतात. या विकतच्या बोगद्याचे दुसरे तोंड त्या कंपनीच्या ताब्यात असते. म्हणजे आपले टपाल आपण इंटरनेट पुरवणाऱ्यापासून लपवून दुसऱ्या कोणाच्या हवाली करीत असतो. तो कोण, कुठला, हे पाहून ठरवावे. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात अशा सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्यास सांगितले. कार्यालयांच्या अंतर्गत बोगद्यांना हे लागू नाही, असे पुढे स्पष्ट करण्यात आले.

दुसरी गोष्ट अशी की, आपण पतसंस्थेचे सभासद असू, रुग्णालयाच्या किंवा शाळेच्या समितीवर असू, तर वार्षिक सभेत चार साधे प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. शाखा एकमेकींना जोडणारी यंत्रे किती जुनी आहेत आणि त्यांना कंपनीच्या दुरुस्त्या अजून मिळतात का? त्यांचे संकेतशब्द शेवटचे कधी बदलले? संस्था सोडून गेलेल्यांचे आणि बदललेल्या ठेकेदारांचे प्रवेश बंद केले का? आणि या जोडणीचा नकाशा व पत्त्यांची यादी संस्थेच्या दप्तरात आहे, की एकाच तंत्रज्ञाच्या डोक्यात? या प्रश्नांना गणित लागत नाही. इमारतीला रंग देण्याच्या खर्चावर आपण तासभर चर्चा करतो, त्यातली दहा मिनिटे इकडे दिली तरी पुरे.

काळ थांबलेला नाही. आज जी सहाशे अंकी संख्या अभेद्य वाटते, ती उद्याच्या क्वांटम संगणकापुढे टिकणार नाही, असे गणित सांगते. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या प्रकारच्या कुलपांची पहिली तीन मानके प्रसिद्ध केली. आज चोरून साठवलेले टपाल दहा-वीस वर्षांनी उघडले जाऊ शकते, ही भीती त्यामागे आहे. बाजारभाव वीस वर्षांनी कळला तर बिघडत नाही, रुग्णाचा आजार कळला तर बिघडते. त्यामुळे कोणते गुपित किती वर्षे जपायचे, हे ठरवणे यंत्राचे काम नाही, आपले आहे.

पुढच्या वेळी खिडकीपलीकडून 'लिंक नाही' असे ऐकू आले, तर वैतागू नका असे मी म्हणणार नाही. पण तिथे बसलेल्या माणसाला एवढे जरूर विचारा, "काय चालते आणि काय चालत नाही?" त्याचे उत्तर एका कागदावर लिहून पुढे पाठवायला सांगा. दुरुस्ती पुष्कळदा तिथूनच सुरू होते.